‘मला काहीही चालेल’

रविवारी संध्याकाळी कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये जाऊन बसा. बार्शी असो, चाळीसगाव असो की कराड, टेबलाटेबलावर एकच वाक्य कानावर येतं. वेटर मेनूकार्ड आणून ठेवतो. ते आधी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात जातं, मग मुलांच्या, मग पुन्हा त्याच्याच. शेवटी कुणीतरी विचारतं, ‘तुला काय मागवायचं गं?’ आणि ठरलेलं उत्तर येतं, ‘मला काहीही चालेल.’

हे कोण म्हणतंय बघा. रोज सकाळी भाजी कोणती, डब्यात काय, सासूबाईंना तिखट सोसत नाही म्हणून त्यांची आमटी वेगळी काढायची, धाकट्याला वांगं दाखवायचं नाही, चतुर्थीला भगर की साबुदाणा, हे सगळं जी एकटी ठरवते तीच ही बाई. वर्षभर सगळ्यांच्या जिभेचा हिशेब तिच्या डोक्यात असतो. आणि ज्या एका संध्याकाळी दुसरं कुणी रांधून वाढणार, नेमकी त्याच दिवशी तिला स्वतःची आवड नसते? मला नाही पटत.

याला कारणं बरीच आहेत. मन मारायची सवय हे एक. उजव्या बाजूचे आकडे बघून पोटात गोळा येतो, हे दुसरं. पण तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. कार्ड इंग्रजीत असतं! शाळेत इंग्रजी होतं, वाचता येतं, पण अक्षर अक्षर जुळवून, बोट ठेवून. आणि ते असं चारचौघांत, शेजारी वेटर वही-पेन घेऊन ताटकळत उभा असताना? त्यापेक्षा ‘काहीही चालेल’ म्हटलेलं बरं. तेवढाच मान राहतो.

म्हणून मैत्रिणींनो, आज जरा या हॉटेलातल्या इंग्रजीबद्दलच बोलू. माझं म्हणणं असं की हे इंग्रजी अगदी मूठभर आहे, घरच्या घरी करता येण्यासारखं आहे आणि आपण ते करावंच. छाप पाडायला नव्हे. आपल्याला हवं ते ताटात यावं, त्यात काय घातलंय ते कळावं आणि पैसे तेवढेच द्यावे लागावेत म्हणून.

मुळात ते कार्ड इंग्रजी आहे का, हेच आधी तपासू या. ‘मेनू’ आणि ‘रेस्टॉरंट’ हे दोन्ही शब्द फ्रेंच. ‘बुफे’ही फ्रेंच. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘टी’ असतो, पण फ्रेंच माणसं तो उच्चारत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये एखादी ‘बफेट’ म्हणाली की कॉलेजातली पोरं एकमेकांना कोपर मारतात. पण ती बिचारी जे छापलंय तेच प्रामाणिकपणे वाचत असते! ‘पिझ्झा’ आणि ‘पास्ता’ इटलीचे. ‘नूडल्स’ मूळचे जर्मनांचे. ‘मंचुरियन’चं नाव चीनमधल्या मांचुरियावरून पडलेलं असलं तरी तो पदार्थ जन्मला आपल्या मुंबईत. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास तो पहिल्यांदा केला, असं मानलं जातं. ‘पनीर लबाबदार’, ‘माखनवाला’, ‘हंडी’, ‘दो प्याजा’ ही नावं पंजाब-दिल्लीकडची. आणि ‘व्हेज कोल्हापुरी’? कोल्हापूरच्या घरी जाऊन कुणाला विचारा, तांबड्या-पांढऱ्याचं सांगतील, याचं नाही.

हे सगळं बाजूला काढलं की खरं इंग्रजी किती उरतं? सूप, स्टार्टर, मेन कोर्स, राईस, ब्रेड. हॉटेलात ब्रेड म्हणजे पाव नव्हे हं, रोटी-नान-पराठे. पुढे बॉइल्ड म्हणजे उकडलेलं, स्टीम्ड म्हणजे वाफवलेलं, रोस्टेड म्हणजे भाजलेलं, फ्राइड म्हणजे तळलेलं, स्टफ्ड म्हणजे भरलेलं. ग्रेव्ही आणि ड्राय, हाफ आणि फुल, शेवटी डेझर्ट. आणखी पाच-दहा शब्द धरा. उकडणं, वाफवणं, भाजणं, तळणं यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. कार्डावर फक्त त्याची इंग्रजी नावं आहेत.

आणि शब्दांचं म्हणाल तर ते सगळीकडून सगळीकडे गेलेत. आपला बटाटा, पाव, काजू, अननस हे पोर्तुगीजांबरोबर आलेले शब्द. इंग्रजांनी ‘चटणी’ इथून उचलली आणि ‘मँगो’ हा दक्षिणेकडचा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला. वांग्याला आपल्या शाळेत ‘ब्रिंजल’ शिकवलं. तेच वांगं इंग्लंडात ‘ऑबर्जिन’ होतं आणि अमेरिकेत ‘एगप्लांट’. आपली ‘लेडीज फिंगर’ अमेरिकेत ‘ओक्रा’. आपली ‘कॅप्सिकम’ तिकडे ‘बेल पेपर’. आपल्या ‘कर्ड’ला तिकडे ‘योगर्ट’ म्हणतात. आपण बिल मागतो, अमेरिकेत ‘चेक’ मागतात. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एका वांग्यावर एकमत नाही, तर आपण कशाला एवढं दडपण घ्यायचं?

तरीही दडपण येतं, आणि त्याला कारण आहे. आपल्या राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते जून २००० मध्ये. त्याआधी शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. त्यातही काय केलं, तर काळ चालवले, कर्तरीचं कर्मणी केलं आणि गाईवर निबंध लिहिला. एक कप चहा कसा मागायचा हे त्या पुस्तकात नव्हतं. मग लग्नानंतर कधीतरी ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असा बोर्ड दिसतो, हजारो रुपये भरले जातात आणि तिथेही पहिल्या दिवशी पुन्हा काळच! चार दिवसांनी क्लास सुटतो आणि ‘आपल्याला जमणारच नाही’ हे मात्र पक्कं होतं.

त्यापेक्षा त्या वेटरकडे बघा. कुणी नेपाळमधून आलेला असतो, कुणी ओडिशातून, कुणी बंगालमधून. मराठी नाही, हिंदी अर्धीमुर्धी. पण ‘गुड इव्हनिंग मॅम, स्टार्टरमें क्या लेंगे, एनीथिंग एल्स मॅम?’ हे कसं सराईतपणे चालू असतं! त्याला कुणी व्याकरण शिकवलेलं नाही. दहा-बारा वाक्यं रोज शंभर वेळा बोलून ती त्याच्या तोंडात बसली. आपल्याला त्याच्याशी बोलायचं तर त्या दहा-बारा वाक्यांच्या समोरची दहा-बारा वाक्यं लागणार, बस्स.

ती कोणती, ते सांगते. पण त्याआधी एक गोष्ट. बोलण्याच्या आधी ऐकण्याचा सराव करा. २०१२ साली आलेला ‘इंग्लिश विंग्लिश’ आपण बहुतेकींनी पाहिलाय. पुण्याची शशी गोडबोले, लाडू करून विकणारी, न्यूयॉर्कच्या कॉफीशॉपमध्ये रडकुंडीला येते तो प्रसंग आठवा. गौरी शिंदे यांना तो सिनेमा सुचला तो स्वतःच्या आईवरून, ज्या पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय करायच्या. त्या प्रसंगात शशीला शब्द येत नाहीत असं नाही. ‘कॉफी’ कुणाला येत नाही? ती अडते ती समोरच्या बाईच्या प्रश्नांना. पाणी साधं की बुडबुड्यांचं, कॉफी कुठली, बरोबर काय? आणि हे सगळं धाडधाड! प्रश्न कळला असता तर उत्तर एकाच शब्दाचं होतं. आपल्याकडेही तेच होतं. ‘रेग्युलर वॉटर ऑर मिनरल?’ म्हणजे साधं पाणी की बाटलीचं. आपण गोंधळून ‘हो’ म्हणतो आणि बाटली येते. ‘रेग्युलर’ एवढंच म्हणायचं. फ्रेश लाइम सोडा मागवला की ‘स्वीट ऑर सॉल्ट?’ विचारतात. गोड की खारं? दोन्ही हवं तर ‘मिक्स’. ‘एनीथिंग एल्स?’ म्हणजे आणखी काही? नको असेल तर ‘नो, थँक यू’. आणि प्रश्न कळलाच नाही तर ‘स्लोली, प्लीज’, जरा सावकाश. यात कमीपणा कसला? भाजीवाला भरभर हिशेब सांगायला लागला की आपण त्याला थांबवतोच ना?

आता बोलायचं. आपण मनातल्या मराठीवरून ‘आय वाँट’ म्हणतो, मला पाहिजे. चूक नाही, पण इंग्रजीत ते जरा फटकळ वाटतं. त्याऐवजी ‘कॅन आय हॅव’ म्हणा आणि पुढे वस्तूचं नाव. ‘कॅन आय हॅव टोमॅटो सूप?’ हे ‘हॅव’ फार उपयोगी आहे, कारण ते अगदी आपल्या ‘घेणं’सारखं आहे. आपण ‘चहा घेणार?’ विचारतो, पिणार का खाणार त्यात येत नाही. तसंच ‘विल यू हॅव टी?’ ‘घ्या ना अजून थोडं’ म्हणजे ‘प्लीज हॅव सम मोअर’.

तिखटाची मात्र पंचाईत आहे. इंग्रजीत ‘हॉट’ म्हणजे गरमही आणि तिखटही. ‘इज इट हॉट?’ विचाराल तर वेटर खुशीत ‘येस मॅम, फुल हॉट’ म्हणून वाफाळतं ताट आणून ठेवेल. म्हणून ‘इज इट स्पायसी?’ विचारावं. तेही मसालेदारपणाला धरून आहे. खरंच मिरचीच कमी हवी असेल तर ‘लेस चिली, प्लीज’. लहान मूल किंवा सासूबाई बरोबर असतील तर हे एक वाक्य पाठ असलेलं बरं.

मग दोन प्रश्न, जे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. ‘व्हॉट इज इन इट?’ म्हणजे यात काय आहे? आणि ‘इज देअर एग इन इट?’ म्हणजे यात अंडं आहे का? ज्यांच्या घरात उपास-तापास आहेत, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला डॉक्टरांनी मीठ-साखर बंद केलीय, त्यांच्यासाठी हे प्रश्न चैनीचे नाहीत. मुलाला दाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ‘नो पीनट्स’ हे दोन शब्द चुकून चालणारच नाहीत. ‘विदाउट शुगर’, ‘विदाउट ओनियन अँड गार्लिक’ ही त्याचीच भावंडं.

उच्चाराचं फार मनावर घेऊ नका. तीनच जोड्या सांभाळा. सूप प्यायचं असतं, सोप म्हणजे साबण. ‘किचन’ आणि ‘चिकन’ घाईत उलटसुलट होतात, आणि शाकाहारी घरात ते महागात पडतं. तिसरी जोडी पैशांची. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात. शंका आली तर ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असं सरळ आकडे फोडून विचारा. दुकानदार मंडळीही तसंच करतात.

सरावाला क्लास नको. पुढच्या वेळी हॉटेलात गेलात की कार्डाचे मोबाइलवर फोटो काढून आणा. तेच पाठ्यपुस्तक. भिशीच्या किंवा बचत गटाच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं एकीने वेटर व्हायचं, दोघींनी गिऱ्हाईक. हसून हसून पुरेवाट होते, पण वाक्यं तोंडात बसतात. सकाळी ओट्यापाशी बिस्किटाच्या, मसाल्याच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायचं. ‘इन्ग्रेडियंट्स’ म्हणजे त्यात काय काय घातलंय. जे जास्त असेल ते आधी छापलेलं असतं. साखर पहिल्या-दुसऱ्या नंबरवर दिसली की इंग्रजीबरोबर आणखीही काही कळतं!

आता बिलाचं बघू. ‘कॅन आय हॅव द बिल, प्लीज’ एवढ्यावर थांबायचं नाही, ते वाचायचंही. समजा, जेवण सहाशे रुपयांचं झालं. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के असतो. बिलावर तो सीजीएसटी आणि एसजीएसटी असा अडीच-अडीच टक्क्यांत फोडून लिहितात. म्हणजे पंधरा अधिक पंधरा, तीस रुपये. एकूण सहाशे तीस. पण मध्येच ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ अशी ओळ असेल तर साठ रुपये वाढले, त्या साठांवरही कर लागला आणि आकडा झाला सहाशे त्र्याण्णव. नाव ‘चार्ज’ असल्यामुळे आपल्याला वाटतं तोही सरकारी कर. तसं नाही. तो हॉटेलवाल्याचा असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सूचना काढली की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही आणि दुसऱ्या नावानेही घेता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती सूचना योग्य ठरवली. सेवा आवडली तर बक्षिसी आपण आपल्या खुशीने द्यायची. तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून विचारा, ‘व्हॉट इज धिस?’ मग ‘प्लीज रिमूव्ह इट’. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. हिशेब आपल्याला येतोच, दूधवाल्याचं खाडं आपण महिनाभर लक्षात ठेवतो. अडतं ते त्या एका ओळीपाशी.

कोकणात मासे खायला गेलात तर कार्डावर किमतीच्या जागी ‘अ‍ॅज पर साइज’ असं दिसेल. म्हणजे माशाच्या आकारावर दर. तिथे ‘काहीही चालेल’ म्हणणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करणं! मासा आधी बघायचा, मग ‘हाऊ मच फॉर धिस वन?’ किंवा सरळ मालवणीत विचारा, ते उत्तम.

त्यावरूनच आठवलं. इतकं इंग्रजी सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की समोरच्याला मराठी येत असेल तर मराठीतच बोला. मराठी मुलूखात, मराठी मालकाच्या हॉटेलात, मराठी गिऱ्हाइकापुढे निव्वळ इंग्रजी कार्ड ठेवायचं, हे मला अजिबात समजत नाही. दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून कायदा आहे, २०२२ मध्ये तो छोट्या दुकानांनाही लागू झाला. पाटी झाली मराठी, आणि आतलं कार्ड? पदार्थाच्या नावाखाली मराठीत एक ओळ छापायला कितीसा खर्च येतो? गावातल्या महिला मंडळांनी हळदीकुंकवाच्या हॉलचं बुकिंग करताना मालकाला एवढं जरूर विचारावं. त्यांना गिऱ्हाईक हवं असतं, ऐकतील.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. इंग्रजी माध्यमात जाणारी मुलं आईच्या उच्चारावर फिदीफिदी हसतात आणि बाबाही हसण्यात सामील होतात. ज्या बाईने त्या मुलाला शाळेत घालण्यासाठी दागिना मोडला, ती पुन्हा तोंड उघडत नाही. हसण्याऐवजी कार्ड तिच्या हातात आधी द्या आणि दोन मिनिटं गप्प बसा. वेटर थांबतो. नाही थांबला तर त्याला थांबवा. एका घरात मुलीने नियमच केलाय म्हणे, एका रविवारी सगळ्यांसाठी आईनेच मागवायचं. पहिल्यांदा दोन्ही भाज्या गोडसर आल्या. कुणी काही बोललं नाही, पानं मात्र चाटूनपुसून साफ झाली.

आता थोडं परदेशाचं, कारण लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया आता लहान गावांतूनही निघतात. विमानात शाकाहारी हवं असेल तर आधीच सांगावं लागतं. ‘एशियन व्हेजिटेरियन मील’ म्हटलं की आपल्या पद्धतीचं मिळतं. कांदा-लसूण नको असेल तर ‘जैन मील’. तिकडे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणाल तर त्यात अंडं असू शकतं. आपल्याकडे कायद्याने अंडं मांसाहारात धरतात, तिकडे तसं नाही. ‘नो मीट, नो फिश, नो एग’ असं सुटं सुटं सांगा. अमेरिकेत टीप खरंच द्यावी लागते, पंधरा ते वीस टक्के. तिथे ती रीत आहे, सर्व्हिस चार्जवरचं आपलं भाषण तिकडे करायचं नाही! आणखी एक गंमत. आपल्यात पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणायचं, मग आग्रहाने वाढून घ्यायचं, ही पद्धत. तिकडे ‘नो’ म्हणजे नो. एकदा म्हणालात की ताट उचलतात आणि आपण उपाशी.

इतका वेळ आपण गिऱ्हाईक होतो. पण आपल्यातल्या कितीतरी जणी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही आहेत. कुणी तारकर्लीला घरगुती राहण्याची सोय केलीय, कुणी जुन्नरकडे कृषी पर्यटन, कुणाचं वेरूळच्या रस्त्यावर पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे पाहुणा आपल्याला विचारतो, ‘व्हॉट इज धिस?’ इथे लाजायचं काही कारणच नाही, कारण त्याचं उत्तर जगात फक्त आपल्याला येतं. पुरणपोळी म्हणजे ‘स्वीट रोटी, स्टफ्ड विथ चना दाल अँड जॅगरी’. जॅगरी म्हणजे गूळ. सोलकढी ‘कोकम अँड कोकोनट मिल्क, गुड आफ्टर फूड’. थालीपीठ ‘पॅनकेक ऑफ मेनी फ्लोअर्स’. पिठलं ‘ग्रॅम फ्लोअर करी’. नाव मात्र मराठीच सांगायचं, आधी ‘पिठलं’, मग त्याचं वर्णन. ते नाही का आपल्याला ‘पास्ता’ म्हणायला लावत?

आमच्या भिशीत हा खेळ दोन महिने चाललाय आणि साध्या वरणभातापासून अळूच्या फदफद्यापर्यंत सगळं इंग्रजीत सांगून झालंय. अडलंय ते एकाच शब्दापाशी. ‘खमंग’. ‘क्रिस्पी’ म्हणावं तर वास राहून जातो, ‘नाइस स्मेल’ म्हणावं तर भाजल्याची चव राहते. तुमच्यापैकी कुणाला सापडला तर पोस्टकार्डावर जरूर कळवा.